तिघींना सारखंच दिलं, तिथं चुकलं

शेळगाव, ता. इंदापूर
सोमवार, दुपारची झोप सोडून

सलिमा,

सगळ्यात आधी मावशी टपकली. बारा वाजता येतो म्हणालेले पाहुणे, आणि ही बाई अकरालाच अंगणात! आमच्या राजवर्धनला सांगून आलेल्या मुलीची मावशी गं, कळंबची शकुबाई. बाकीची मंडळी मागनं गाडीतनं येणार होती, ही कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून पुढं आली. (घरातलं खरं रूप बघायचं असलं की बायका अशाच येतात. माझ्या भावाच्या वेळी मीही तेच केलं होतं, तवा नावं ठेवत नाही.) पण थांब, मी कुठनं सुरू केलं हे! आधी तुझ्या गुडघ्यांचं सांग. तेल लावतेस का नुसतं कपाटात ठेवलंयस? तुझी सून परवीन, नातू मुजम्मिल, सगळ्यांना माझा आशीर्वाद. तुला सलाम न् नमस्कार दोन्ही, काय पाहिजे ते घे. फोन केला असता, पण तुझा फोन कायम मोठ्या आवाजावर असतो आणि मुजम्मिलचं अख्खं दुकान ऐकतं. म्हणून हे पत्र डाळिंबाच्या पेटीत वरच ठेवलंय. डाळिंबं मुजम्मिलला, पत्र तुला. पत्र आभाराचं आहे. डोळं भरून आलेत तुझ्या नातवापायी, खरं सांगते.

आमच्या राजवर्धनचं तुला ठाऊकच आहे. पोरगं हिऱ्यासारखं. विहिरीवरच्या मोटारी भरायचं दुकान टाकलंय, पंचक्रोशीतली जळालेली मोटार त्याच्याकडंच येते. पण तोंडातनं शब्द निघंल तर शपथ. जेवताना भाजी पाहिजे असली तर भाजीकडं बघतो. मागं सांगवीला मुलगी बघायला गेलो, तितं त्या पोरीनं साधं विचारलं, तुम्हाला काय आवडतं? ह्यानं पोह्याच्या बशीकडं बघून उत्तर दिलं, "थ्री फेज." लाइट गं, मोटारीची! त्या पोरीनं नकार दिला ते दिलाच, पण ही गोष्ट दोन्ही तालुक्यांत पोचली. रसवंतीवर बसलेली माणसं त्याला लांबनंच विचारायची, काय राजाभाऊ, थ्री फेज आली का? त्यानंतर तर ते लेकरू आणखीनच मिटलं. त्याचा बाप भीमा म्हणायचा, आई, ह्याचं काय खरं न्हाय. माझ्या लेकाच्या तोंडून असं ऐकलं की मी ताट सारून उठायचे.

आणि मग तुझ्या मुजम्मिलनं ते यंत्र दिलं. त्याच्या मोबाइलच्या दुकानात कुणीतरी दुरुस्तीला टाकून विसरलेलं, टीव्हीला जोडून खेळायचं. राजवर्धननं त्याचा पंखा नीट करून दिला, तर मुजम्मिल म्हणाला, मालक येईस्तोवर ठेव तुझ्याकडं. मी आधी कुरकुरले. (तुला आता सांगते, त्या दिवशी मी मुजम्मिलला दोन शब्द बोललेही. ते मी परत घेते. डाळिंबं त्याचसाठी आहेत.) मला वाटलं नुसती मारामारी असंल. मारामारी आहेच, राक्षस आहेत, तलवार आहे. पण सलिमा, दिवसभर राक्षस मारून खेळातला गडी संध्याकाळी गावात येतो, आणि मग गावातल्या पोरींशी बोलायचं! कुणाला काय आवडतं ते बघायचं, भेट द्यायची, त्यांनी काही विचारलं की खाली तीन उत्तरं येतात, त्यातलं एक निवडायचं. बरोबर निवडलं की तिच्या नावापुढं एक बदाम लाल होतो. चुकलं की बाई तोंड फिरवून निघून जाते. आणि ज्या पोरीचं मन जुळलं ती दुसऱ्या दिवशी राक्षसापुढं आपल्या बाजूनं उभी राहते. मी म्हटलं, आता ही खरी गोष्ट! आपल्याकडं लग्न झाल्यावर कळतं बाई संकटात उभी राहती का पळती, हितं आधीच बघायची सोय.

पण सगळं लिहिलेलं इंग्रजीत. तुझी माझी शाळा चौथीपर्यंत, त्यात इंग्रजी कुठलं? मी राजवर्धनला म्हटलं, वाचून दाखव. तो म्हणाला, तू नुसती बघ. मी म्हटलं, कोण काय बोलतंय ते कळत नसंल तर मी टीव्हीची पिनच काढते. मग काय, वाचावं लागलं. आणि तेही मराठीत सांगावं लागलं. तिघी आहेत त्यात मुख्य. नावं अवघड, म्हणून मी माझी ठेवली. पांढऱ्या केसांची तलवारवाली ती चांदी, औषधं कुटणारी ती जडीबुटी, आणि एकीला शिंगं आहेत ती शिंगवाली. रोज धारा झाल्या की आम्ही बसायचो. चांदीचं बोलणं त्यानं असं सपाट वाचलं की मी ओरडायचे, अरे ती चिडलीय ना, मग चिडून वाच! मग तो चिडून वाचायला लागला. मग लाजून. मग जडीबुटीचा बारीक आवाज काढायला लागला. सूनबाई भाकरी थापता थापता थांबून ऐकायची. ज्या पोरानं आयुष्यात चार वाक्यं सलग बोलली नव्हती, ते तीन बायकांचं भांडण एकटं करायला लागलं!

माझं खेळणं तू बघायला पाहिजेस. गावात शिरलं की मी त्याला आधी म्हाताऱ्या माणसांकडं पाठवायचे. पोरींकडं नंतर जा, आधी घरोघरी विचार, तुमचं कसं चाललंय. तो म्हणायचा, आजी, ह्याचे बदाम मिळत न्हाईत. मी म्हटलं, बदामासाठी विचारायचं असतं का? (पुढं त्यातल्याच एका म्हातारीनं मोठी ढाल दिली. मी नुसतं त्याच्याकडं बघितलं.) पण चूकही माझीच झाली, ती ऐक. त्या गावात फुलांची जत्रा असते. त्या दिवशी एक फूल एकीलाच द्यायचं. मी म्हटलं, हे काय बरोबर न्हाय. आम्ही जावा तिघी, सासूबाईंनी दर दिवाळीला तिघींना एकाच ठाणातलं लुगडं घेतलं, म्हणून घर टिकलं. एकीला दिलं न् दोघींना नाही, असलं आपल्या घरात चालणार नाही. तिघींना सारखंच दे. तो नको नको म्हणत होता. मी ऐकलं नाही.

हे नेमकं पाहुण्यांच्या दिवशी, सकाळी. त्याला नवा शर्ट घातलेला, मनावर ताण आलेला, म्हटलं थोडं खेळ, जीव हलका होईल. फुलं दिली तिघींना, आणि झाला की कालवा! तिघी एकदम समोर. राजवर्धन चांदीच्या आवाजात ओरडतोय, "मला म्हणालास तुझ्याबिगर कुणी न्हाय, आन् तिच्याबी हातात तेच फूल?" मग जडीबुटीचं रडणं. आणि मी मोठ्यानं, "अरे तिघींना सारखंच दिलंय की आपण! आधी त्या शिंगवालीला समजव. शिंगं हायत म्हणून काय झालं, घरात वागायला तीच बरी हाय!" हे सगळं सलिमा, ओसरीवर शकुबाई उभी राहून ऐकतेय. तिनं तिथनंच फोन लावला होता गाडीतल्यांना, की पोराच्या तीन बाया हायत आणि आजीच मधी बसून मिटवतीया. (शिंगांपाशी तिचा घोटाळा झाला. नंतर म्हणाली, तिथं मला कळंना हे बायकांचं चाललंय का म्हशींचं.)

ती आत आली ती पदर खोचूनच. "कुठं हायत त्या तिघी?" राजवर्धन लाकडासारखा उभा, हातात ते खेळायचं हँडल. मला वाटलं झालं, हे स्थळ गेलं, आता ही गोष्ट पुण्यापर्यंत जाणार आणि माझा नातू पुन्हा तोंड उघडणार नाही. मी नुसतं टीव्हीकडं बोट केलं. शकुबाई टीव्हीपुढं जाऊन उभी राहिली. चांदीला वरपासनं खालपर्यंत न्याहाळलं. "ही अशी तलवार घेऊन हिंडती, हिच्या घरचं काय बोलत न्हाईत?" मी म्हटलं, वडील नाहीत तिला, काकानं वाढवलीय. "आगं बाई," म्हणाली, आणि खुर्ची ओढून बसली.

तेवढ्यात गाडी आली. मुलीचे वडील आप्पासाहेब उतरले ते मिशीला पीळ देत, आणि मागं मुलगी. कागदावर नाव वेगळंय, पण घरात छकुलीच म्हणतात. डेअरीत दूध तपासायला असते, उंचीला बरी, नजर अशी की पाणी घातलेलं दूध लांबनंच लाजेल. शकुबाई आता आमच्या बाजूची झालेली. तिनंच सगळ्यांना सांगितलं, पण आप्पासाहेबांना पटंना. ते म्हणाले, "मला वाचून दाखवा काय लिहिलंय ते." म्हणजे पुन्हा वाचायची वेळ आलीच. पोरानं घाम पुसला, आणि सुरू केलं. आधी पुटपुटत. मग चांदी चिडली तिथं आवाज चढला, जडीबुटी रडली तिथं बारीक झाला. पोहे निवले, कुणी हात लावला नाही. मग चांदी डोळे पुसून काहीतरी म्हणाली, राजवर्धननं वाचलं, "मला तुमचा स्वभाव आवडतो." आणि छकुली खुदकन हसली. म्हणाली, "असं न्हाय लिहिलेलं तितं."

सलिमा, तेव्हा मला कळलं. इतके दिवस मेला मला सोवळं करून वाचून दाखवत होता! आणि मी म्हणत होते, ह्या पोरी एवढ्या स्वभावाचं काय घेऊन बसल्यात. राजवर्धन कानशिलापर्यंत लाल. छकुली म्हणाली, "खरं वाचा की." आप्पासाहेब छताकडं बघायला लागले. आणि माझ्या नातवानं, टीव्हीवरची नजर न काढता, खरं काय लिहिलंय ते वाचलं. भरल्या घरात. मी ते हितं लिहीत नाही, मला लाज वाटते. पण त्यानं न अडखळता वाचलं.

पुढं उत्तर द्यायचं होतं, तीनांतलं एक. छकुलीनं हँडल त्याच्या हातनं घेतलं आणि निवडलं, की चूक माझी झाली, तिघींना एकच फूल द्यायला नको होतं. चांदी लगेच तलवार काढून राक्षसाकडं निघाली! पार शेवटचा राक्षस, झाडाएवढा. आता आप्पासाहेब खुर्चीच्या काठावर. छकुलीला सांगतायत, "डोक्यावर काय मारतीस, बुडातनं घे! ऊस कसा तोडतात?" तिनं पायावर घाव घातले आणि राक्षस खरंच गुडघ्यावर आला. शकुबाई उभी. मी उभी. सूनबाई उलथनं घेऊन उभी. आणि लाइट गेली.

पंखा थांबायचा आवाज तेवढा. मग छकुली म्हणाली, "आता आठवत आसंल थ्री फेज." म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं! ठाऊक असून आली होती. मनात म्हटलं, देवा, तीन उत्तरं दाखव रे ह्याला, आणि बरोबर ते निवडू दे. राजवर्धन म्हणाला, "टीव्हीला सिंगल फेज लागती." संपलं, म्हटलं. सूनबाईनं कपाळावर हात मारला. आणि मग तो थांबला, आणि तिच्याकडं बघून, टीव्हीकडं नाही हां, तिच्याकडं बघून म्हणाला, "पर गेली ते बरंच झालं. आता तुमाला परत यावं लागंल."

सलिमा, अगं, हे उत्तर त्या खेळात नाहीये. मी विचारलं नंतर. हे त्याचं स्वतःचं.

आप्पासाहेब काही हो-नाही बोलले नाहीत. नुसतं म्हणाले, राक्षस आर्धा ठेवून जाणं बरं न्हाय. पण जाताना थंड पोहे मागून घेऊन खाल्ले, दोन बशा. हे सगळं तुझ्या मुजम्मिलमुळं. त्याला माझं सगळं आयुष्य लागू दे, आणि शहाणा हो म्हणावं, मी बोलले ते मनात ठेवू नको.

तुझी,
गोजर

ता. क. परवीनला हे वाचायला देऊ नको. राजवर्धन दुकानात गेला की दुपारी मी एकटीच खेळते. माझा वेगळा डाव आहे, त्याला माहीत नाही. त्या गावात एक लोहार आहे, मिशावाला, बायको वारलेली, कामाचा माणूस. तीन बदाम झालेत. बोलणं मला वाचता येत नाही, पण त्याच्या तोंडाकडं बघून मी उत्तर निवडते, आणि अजून एकदाही चुकले नाही. तू आलीस तर एक होडीवालाही आहे, तुझ्या लायक.

ता. क. काल मुजम्मिलचा फोन आला राजवर्धनला, की यंत्राचा मालक सापडला, शनिवारी न्यायला येतो. राजवर्धन बरं म्हणाला, दुसरं काय म्हणणार, पण तेव्हापासनं पुन्हा भाजीकडं बघून जेवतोय. मालकाला म्हणावं, पंखा अजून आवाज करतोय, तपासणं चालू आहे. (करतो थोडा. कान देऊन ऐकला तर.) आणि जमलं तर दुकानातनं आणखी एक हँडल पाठव, दोघांनी मिळून खेळता येतं म्हणे.

ता. क. तुझा नातू शनिवारी यंत्र न्यायला येणार. आणि पाहुणे राहिलेला राक्षस मारायला येतो म्हणालेत रविवारी. आता तूच काय ते बघ.