थोरलीच्या बदल्यात

ती. आईला इंदूरहून अमिताचा वाकून नमस्कार.

मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतं, बिलकुल काळजी करू नकोस. बाबांचा गुडघा कसा आहे?

कॉलेजात सध्या प्राचीन इस्राएलचा धर्म शिकवते आहे. तिथे प्रत्येक पहिलं अपत्य देवाचं. पहिलं कोकरू वेदीवर जायचं, पहिल्या मुलाला मात्र मोबदला देऊन सोडवून आणायचं. पहिलं त्याचं मानलं, की पुढची आपली म्हणता येतात. एका मुलीने विचारलं, "मॅडम, सोडवायचं राहूनच गेलं तर?"

घरी सासूबाईंना हे सांगितलं, तर त्या हसल्या नाहीत. त्यांच्याकडे थोरल्याच्या बारशाला कणकेचं बाळ करून नर्मदेत सोडतात. म्हणाल्या, "पहिलं असंच थोडी ठेवतात? ज्या थोरलीचं हे राहून गेलं, तिला भरदुपारी देवघरातून हाक येते. ओ देऊ नये, बस."

आई, मी तुझी थोरली; माझ्या वेळी तू काही वाहिलं होतंस ना?

काल दुपारी मी घरात एकटीच होते. देवघरातून कुणीतरी "चिमे" म्हणालं, अगदी तुझ्या आवाजात. हे नाव मी इथे कुणालाच सांगितलेलं नाही.

मी ओ दिली गं.

अजून तरी तुझीच,
चिमी