वहीतली खालची ओळ

अहो,

तुम्ही फिरायला गेलात अन् गाडी आली. अधिवेशन संपवून कालच नागपूरहून आले, आज लगेच भागूबाईंच्या गावाला निघालेय, रागावू नका. बीपीची गोळी टेबलावर ठेवलीय.

मी नसताना दारी आलेल्यांची गाऱ्हाणी तुम्ही वहीत लिहून ठेवलीत. सभागृहात भागूबाईंचं वाचलं, ‘गावच्या दवाखान्यात नर्स नव्हती, नातू वाचला नाही.’ गडबडीत तुमची खालची ओळही वाचून गेले, ‘बाईनं चहाही घेतला नाही.’ ते ऐकून मंत्र्यांनी तिथंच नर्स द्यायचं कबूल केलं.

ती आज रुजू होतीय. लोक हार मलाच घालतील, म्हणून वही सोबत नेतेय. भागूबाईंना तुमचं अक्षर दाखवते, अन् त्यांच्याकडं चहा घेऊनच येते.

तुमची,
वैजयंता