भिंतीपलीकडचा आवाज

त्रिएस्ते, इटली, ३ जून १९९४

प्रिय तुल्लिओ,

तुझं पत्र मिळालं. मेलबर्नला सगळे खुशाल आहात हे वाचून बरं वाटलं. आम्हीही ठीक आहोत. म्हणजे, चाललंय.

इथे आल्यावर हेदरला पर्यटकांची गर्दी नको, आपल्या माणसांच्या जागा बघायच्यात, असं लिहिलंयस. सूनबाईंची आवड चांगली आहे हो! मग मोठा चौक आणि किल्ला राहू दे. ट्रामने वर ओपिचिनाला जा. रस्त्याकडेला पानांची फांदी टांगलेली दिसली की समजायचं, आज त्या शेतकऱ्याकडे घरची वाइन आणि हॅम मिळणार. फांद्या बघत बघत जायचं. फक्त बाबांना नेऊ नकोस. मार्चमध्ये ते असेच एकटे गेले आणि पोलिसांनी त्यांना घरी आणून सोडलं. दमले होते, एवढंच.

आणि आपला पेदोचीनचा समुद्रकाठ! मधे पांढरी भिंत, नवरे एकीकडे, बायका दुसरीकडे, हे तिला खरंच वाटणार नाही. बारा वर्षांचा झाल्यावर तू पहिल्यांदा पुरुषांकडे गेलास, मागे वळूनही बघितलं नाहीस. मी अजून रोज जेवायच्या वेळी भिंतीशी जाऊन बाबांना ओरडते, "लिवियो!" पलीकडून यायचं, "आलो गं, जीव नको खाऊस!"

मंगळवारी आलं, "कोण ही बाई? कुणाची आहे?"

तिकडे पुरुष खो खो हसले. शेजारची ओंदिना म्हणाली, "नीवेस, भिंतीपलीकडे गेला की नवरा बायकोला विसरतोच गं!" सगळ्या हसल्या. मीही हसले.

बाळा, मला फार भीती वाटते. नऊ वर्षांनी तू दारात उभा राहशील, आणि तुझ्या मुलांसमोर बाबा विचारतील, "आपण कोण?" मला ते बघवणार नाही.

म्हणून आधी घरी येऊ नकोस. सामान हॉटेलात टाक आणि सरळ पेदोचीनला ये. हेदर आणि मुलं माझ्यापाशी बसतील. तू एकटा पलीकडे जा. बाबा भिंतीच्या सावलीत पत्ते खेळत असतील. ओळखलं तर मला मोठ्याने हाक मार.

नाही ओळखलं तरी हाक मार. पाणी गार आहे म्हण, मी समजेन. मग त्यांच्यासमोर बस आणि एक डाव खेळ. अनोळखी माणसालाही ते खेळात घेतात.

भिंतीला कान लावून बसलेली,
तुझी आई