बाबांसाठी शंभराचा कपॅसिटर

५ मार्च २०१७, रवि.
गाडी घेतली! जुनी, पांढरी, मागे पोचा आलेली, पण माझी. नरपडहून तलासरीला शाळेत जायला आता बसची वाट बघणं बंद. आधीच्या मालकाने दारांत एवढे मोठे स्पीकर बसवलेत की खालचा जाड आवाज, बास, वाजला की आरसा थरथरतो. मज्जा!
संध्याकाळी बाबांना शेजारी बसवून फिरवलं. त्यांच्या मंडळाचं गेल्या महिन्यातलं भजन मोबाइलवर होतं, ते लावलं. बाबा खिडकीबाहेर बघत बसले. "नुसता पखवाज ऐकायला येतो गो. शब्द कुठे आहेत?" बंद केलं.

६ मार्च
दिवाळीपासून बाबांनी भजन सोडलंय. इतकी वर्षं पुढे बसून गाणारा माणूस! एकदा पेटीने सूर दिलेला कळलाच नाही, ओळ उशिरा उचलली, मागचे हसले. कानाचं मशीन कपाटात. "त्याने गोंगाटच मोठा होतो," म्हणे.
आज नेटवर वाचलं, स्पीकरच्या वायरीत कपॅसिटर नावाचा छोटा पार्ट जोडला की बास अडतो, वरचे सूर पुढे जातात. म्हणजे पखवाज खाली, शब्द वर! वाचता वाचता पोळी करपली. आई ओरडली. ओरडू दे.

११ मार्च
डहाणू रोडला सुट्या पार्टांचं दुकान. मी उचलला तो कपॅसिटर बघून दुकानदार भाई म्हणाले, "बेन, हा नै चालशे. प्लस-मायनसवाला नको. स्पीकरला बिन प्लस-मायनसचा जोइए." बरं झालं विचारलं. मोठा म्हणजे जास्त अडवणार, म्हणून ४७० मायक्रोफॅरडचे दोन घेतले.

१२ मार्च, होळी
फरक शून्य. पखवाज तसाच. आई : "दाराचं पोट फाडून काय मिळवलंस?"
पुन्हा वाचलं. उलटं आहे! आकडा लहान, तेवढा बास कमी. मी पोरांना विज्ञान शिकवते. शाळेत अवाक्षर काढायचं नाही.

१९ मार्च
४७ चे लावले. पखवाज गायब! मी नाचायचीच बाकी. बाबांनी डोळे मिटून ऐकलं. "आता शब्द आहेत गो, पण माणूस नाही. पत्र्याच्या डब्यातून बोलतोय कुणीतरी."
खरंच की.

२६ मार्च, रवि.
शंभर!!! शंभरचे!
सरावलीच्या रस्त्यावर लावलं. बाबा ताठ बसले. बोटं गुडघ्यावर ताल धरायला लागली. मग एकदम, "थांबव. मागे घे. अख्खं कडवं गाळलं! मी नाही म्हणून काय वाट्टेल ते चालवायचं?" एवढे चिडले, एवढे चिडले, आणि मला आनंदाने रडूच आलं.
मला स्वतःला हे जरा पातळ वाटतं. माझा धडधडाट गेला ना. म्हणून स्टिअरिंगखाली एक बटण बसवणार. एकटी असले की बास, बाबा असले की शब्द.

२८ मार्च, पाडवा
जेवताना बाबा : "मंदिरातल्या पखवाजाला लावता येईल का तुझं ते?"
मी हसले. मग हसू थांबलं, कारण ते गंमत करत नव्हते. "नाही हो बाबा."
बाबांनी श्रीखंड संपवलं. हात धुऊन आले. "मग मीच उठून दुसरीकडे बसतो. आजवर पखवाजाला खेटूनच बसत आलो. पलीकडे पेटीजवळ बसलो तर?"
मला का नाही सुचलं हे!

३० मार्च, गुरु.
मंदिराबाहेर गाडीतच लिहितेय. टेप बंद, काचा खाली. बाबांनी शर्टाला स्वतः इस्त्री केली, आईला हात लावू दिला नाही. "आत येऊ नको हं," मला म्हणाले. दारातून दिसतायत. पखवाजापासून लांब, पेटीला अगदी चिकटून. मागचे एकमेकांकडे बघतायत.
टाळ सुरू. पखवाज सुरू.
पेटीने सूर दिला. आता बाबांची ओळ. पेन ठेवते, ऐकू दे.