सिनेमातलं आपलं घर

पुणे

प्रिय माय, तुझ्या पाया पडतो.

मी बरा आहो. डबा चांगला भेटते. तुझा खोकला कमी झाला काय? गोविंदाभाऊनं नवं जाळं विणलं काय?

आपल्या घरी शूटिंग झालं, तो सिनेमा कंपनीतल्या पोरांसंगं पाह्यला. फोनवर तू विचारलं, "मी कशी दिसली?" मी म्हटलं, छान. माय, मी खोटं बोललो.

त्यात तू चुलीवरच्या रिकाम्या गंजापुढं डोकं धरून बसली आहेस. त्या दिवशी तू तलावातली मासळी रांधून त्या वीस शूटिंगवाल्यांले पोटभर जेवू घातलं, ते कुठीच नाई. "घर गरीब दिसलं पाह्यजे," ते म्हणले. तुले नवं लुगडं सोडून जुनं नेसाले मीच लावलं. चुन्यानं पोतलेल्या भिंतीले काजळी मीच फासली.

बाजूचा पोरगा हळहळला, "बिचारी, किती दिवसांची उपाशी असेल!" बाहेर आल्यावर मी त्याले सांगतलं, "ती माझी माय होय."

तो म्हणाला, "मग आत का नाही बोललास?"



गावात हा सिनेमा दाखवणार म्हणते. तू जाऊ नको, असं लिहाचं होतं मले. पण जा, अन् सगळ्यांले सांग, ही काजळी माझ्या पोरानं फासली.

तुझा,
हेमराज