दारासमोरचा गतिरोधक

माय, लग्नाआधी माहेरी त्या सकाळी मी सडा टाकला, चुलीवर पाणी ठेवलं आणि वाळलेल्या मिरच्या घेऊन लाकडी उखळापाशी बसले. दोन-चार घाव घातले असतील, तोच भाकरी थापता थापता तू आतून ओरडलीस, "कळतं का काही? शेजारी ओली बाळंतीण हाय." मी म्हटलं, "मग मिरच्या कुटायच्याच न्हाईत का?" पिठाच्या हातानंच तू उखळ धरलंस. "कुटायच्या की. पर तिच्या कानाशी कावून?" आपण दोघींनी ते उखळ मळ्याच्या बांधापर्यंत ओढत नेलं. वाटभर मी कुरकुरत होते.

माझं सासर धारूरच्या रस्त्याला लागून. तू यायचीस तेव्हा एखादी एसटी आणि बैलगाड्या, एवढंच जायचं. आता रस्ता रुंद झालाय. हंगामात उसाच्या ट्रॅक्टरांची रीघ, मागे दोन-दोन ट्रॉल्या, वर गाण्यांचा भोंगा. तू गेल्यावर बऱ्याच वर्षांनी तुझ्या जावयाला याच रस्त्यावर, आमच्या दारासमोर, ट्रकनं उडवलं; ते जागीच गेले. गाव रस्त्यात बसलं आणि तिथं गतिरोधक झाला. गाड्या हळू झाल्या. पण रिकामी ट्रॉली त्यावरून गेली की भांड्यांचं दुकान कोसळल्यासारखा आवाज होतो, खिडकी थरथरते.

यंदा शेजारची लेक बाळंतपणाला माहेरी आलीय. "काकू, लेकरू निजलं की ट्रॉली येती, ट्रॉली गेली की लेकरू रडतंय. मी कवा निजू?" हसत म्हणाली, पण डोळे सुजलेले. ग्रामसभेत विषय निघाला. रस्त्याचे साहेब वैतागले, "मागितला तुम्हीच, आता काढा म्हणताय तुम्हीच." सरपंच म्हणाले, "काकूंनी हो म्हटल्याबिगर त्या गतिरोधकाला टिकाव लागणार न्हाई." सगळे माझ्याकडे वळले.

काढला तर गाड्या पुन्हा सुसाट येणार, आणि शाळेची पोरं तिथूनच रस्ता ओलांडतात. मला उखळ नेलेला तो मळ्याचा बांध आठवला. म्हटलं, "गावाच्या दोन्ही बाजूंना, घरं लागायच्या आधी घाला. गाडी हळू होऊनच गावात शिरंल." साहेब म्हणाले, उंच न करता पसरट केला तर ट्रॉली आदळणारही नाही. "आणि भोंग्यांचं काय करायचं?" सरपंचांनी विचारलं. "ते तुमी बघा," मी म्हटलं, "निम्मे ट्रॅक्टर तुमच्याच भावकीचे हायेत." सभा हसली, तेही हसले.

तुला अक्षर येत नव्हतं. मीही किराण्याच्या पुड्यांच्या कागदांवरची अक्षरं लावत लावत उशिरा वाचायला शिकले. हे लिहून पाठवायचं तरी कुठं, म्हणून मनातच तुला सांगते. तो आवाज मला नकोसा नव्हता. ट्रॉली आदळली की कळायचं, यांच्या जागेवरून जाताना गाडी हळू झाली. सभेत मी हे बोलले नाही.

नवे दोन्ही झाल्यावर सरपंच दारात आले. "काकू, उद्या जुना काढू का?" मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी माणसं टिकाव घेऊन आली, तेव्हा मी घराला कुलूप लावून धारूरच्या बाजारात गेले. घ्यायचं काही नव्हतं.