परसातली मर्यादवेल

३ मार्च
मर्यादवेलीच्या सात बिया! किनाऱ्यावरून रुमालात बांधून आणल्या. बी कसलं, गोटीच. कवळ्या घासायच्या पॉलिश पेपरने दातांच्या दवाखान्यातच जेवणाच्या सुट्टीत घासत बसले. डॉक्टर डोकावले — "हे कुणाचे दात, बाई?" हसून हसून पुरेवाट. आता भिजत घातल्यात.

९ मार्च
एक उगवली. एकच.
सासूबाई वाकून बघून म्हणाल्या, "एवढ्या खटपटीवर हे? त्यापेक्षा गुलाब लावला असतास."

२ मे
परसात वाळू मिसळून लावली. हातभर पसरलीय. पान अगदी शेळीच्या खुरासारखं.

२० मे
पिवळी पडली. मूळ उकरलं — मऊ, कुजका वास. मी तर आठवड्यातून एकदाच पाणी घालते! मग कळलं. सासूबाई रोज सकाळ-संध्याकाळ तांब्याभर ओततात. "तू दिवसभर कामावर. ती बिचारी तहानलेली!"
माझा तोल गेला. कळत नाही तर हात कशाला लावता, म्हणाले. त्या आत गेल्या. जेवल्या नाहीत.
एका वेलीसाठी काय बोलून बसले मी!

२१ मे
अबोला.

२२ मे
कामावरून आले तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "सकाळीच गेल्या, पिशवी घेऊन." लेकाकडे गेल्या की काय? नवरा वेगळा राहायला लागल्यापासून मी त्याला कधी आपणहून फोन केला नाही. आज करणार होते, तेवढ्यात या फाटकात!
तीन तास बसने किनाऱ्यावर जाऊन, तीन तास येऊन. गुडघे धरलेले. पिशवीत वाळू!
"तिथल्या मासेवालीला विचारलं. कुजलेलं कापून टाक, म्हणाली, आणि शेंडा वाळूत खोच. पेरापेराला मुळं धरते म्हणे. मला वेडीच समजली असेल ती."
मी त्यांचे पाय चेपले. माफीबिफी कुणी मागितली नाही.

१७ सप्टेंबर
फूल!! जांभळट गुलाबी, कर्ण्यासारखं, आत गडद. मी दात घासत होते, तशीच सासूबाईंनी दंडाला धरून ओढत नेलं मला. दुपारी मिटलं. मी हिरमुसले. त्या म्हणाल्या, "अगं, कळ्या मोजल्यास का? अकरा आहेत!"

२१ सप्टेंबर
नवऱ्याचा फोन. कोर्टाच्या निकालाचा कागद एक-दोन दिवसांत मिळेल, जागाही मिळालीय, रविवारी आईला न्यायला येतो. बरोबरच आहे. त्याला मोठी जागा मिळेपर्यंतच राहायचं ठरलं होतं त्यांचं. मी माळ्यावरून त्यांची बॅग काढली, पुसून ठेवली. त्या वेलीपाशी जाऊन बसल्या.

२५ सप्टेंबर
तो आला. बॅग रिकामीच. सासूबाई म्हणाल्या, "घटस्फोट तुमच्या दोघांचा झालाय. माझा नाही झाला हिच्याशी."
तो चहा पिऊन गेला.